आधी खिडकी विचारा

महिन्याभरापूर्वी हिरवंगार नेलेलं झेडझेड प्लांट ग्राहक परत घेऊन येतो. पानं पिवळी पडलेली, देठ बुडाशी मऊ. नर्सरीतला जाणता माळी कुंडी उलटी करून मुळं हातावर घेतो. पांढरी, टणक मुळं असायला हवीत तिथे तपकिरी, आंबूस वासाची मुळं निघतात. चिमटीत धरून जरा ओढलं की साल सटकते आणि बोटांत दोऱ्याएवढा गाभा उरतो. ‘रोज पाणी घालत होतो, इथेच सांगितलं होतं,’ ग्राहक म्हणतो. बरेचदा ते खरंही असतं.

या झाडाचं मूळ घर पूर्व आफ्रिकेत. कोरडे महिने काढता यावेत म्हणून त्याच्या मातीखाली बटाट्यासारखे गड्डे पाण्याने भरलेले असतात. त्याला रोज पाणी म्हणजे गड्डे कुजवणंच. तरीही गल्ल्यावरची गर्दी आवरताना ‘दिवसाआड ग्लासभर’ असं ठोक उत्तर दिलं जातं, मग झाड कोणतंही असो.

झाड पाणी पितं ते उजेडाच्या हिशेबाने. दुपारच्या स्वच्छ उन्हात सुमारे 1 लाख लक्स प्रकाश असतो. 75 टक्क्यांच्या शेडनेटखालीही त्यातला 25 हजारांच्या आसपास उरतो. बैठकीच्या खोलीत सोफ्यामागच्या कोपऱ्यात मात्र जेमतेम 100–200. तिथे पानांचं काम मंदावतं, मुळं पाणी ओढेनाशी होतात आणि माती आठवडाभर ओलीच राहते. शेडनेटखाली रोज पाणी मागणारा मनीप्लांट अशा कोपऱ्यात दहा दिवसही पाण्यावाचून सुखाने राहतो. म्हणून पाण्याचं बोलण्याआधी खिडकी विचारली पाहिजे: कुठल्या दिशेची, झाडापासून किती हातांवर, समोर इमारत आहे का?

दिशेचं उत्तरही बारा महिने एकच नसतं. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही, त्यात पावसाळी ढग. तीच खिडकी डिसेंबरात खोलीत आतपर्यंत ऊन घेते. पावसाळ्यात ज्याला पाणी निम्म्यावर आणायला सांगितलं, त्याला हिवाळ्यात उन्हाकडे पाहून वाढवायलाही सांगावं लागतं. घरगुती झाडं जुलै-ऑगस्टमध्ये कुजतात त्यामागे हवेतल्या दमटपणाइतकीच उन्हाळ्यात लागलेली झारीची सवयही असते.

मातीचा दोष मात्र ग्राहकावर ढकलता येणार नाही. चिकट मातीच्या गोळ्यासकट आलेलं रोप तसंच सिरॅमिकच्या कुंडीत बसवून विकलं, तर बाहेरचं मिश्रण सुकतं आणि आतला गोळा ओला राहतो, किंवा उलट. कोकोपीट वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं. त्यात परलाइट किंवा भाताचं तूस नसेल तर बंद खोलीत मुळं गुदमरतात. तळाशी विटांचे तुकडे घालण्याची जुनी रीतही सोडायला हवी. पाणी बारीक मातीतून भरड थरात सहज उतरत नाही, ते त्या थरावरच अडतं. म्हणजे ओलावा मुळांपासून लांब न जाता वर सरकतो. भोक मोकळं आणि मिश्रण भुसभुशीत, एवढं पुरे.

खताचा क्रमांक सगळ्यात शेवटी. 19:19:19 लिटरला 1 ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही मातीत ओल असताना आणि नवं पान फुटत असेल तरच. पिवळ्या पानावर उपाय म्हणून खत विकू नये. कुजलेल्या मुळाला क्षारांचा आणखी एक मार बसतो.

ग्राहकाला हे सगळं पाठ करायला लावण्याची गरज नाही. गल्ल्यावर एकाच मापाच्या दोन कुंड्या ठेवाव्यात, एक आत्ताच भिजवलेली, दुसरी पाण्याला आलेली. झाड बांधून देण्याआधी दोन्ही त्याच्या हातात द्याव्यात. वजनातला तो फरक हाताला एकदा कळला, की घरी कुंडी उचलून बघितल्याशिवाय तो झारीला हात लावत नाही.