भरलेल्या खुर्च्यांचा हिशोब
दर महिन्याला डीजीसीएचे आकडे आले की विमान कंपन्या स्वतःचीच पाठ थोपटून घेतात. इतके लाख प्रवासी, इतके टक्के लोड फॅक्टर! अहो, पण हा लोड फॅक्टर फक्त उडालेल्या विमानांचा असतो. रद्द फ्लाइटच्या खुर्च्या हिशोबात येतच नाहीत. दोन विमानं अर्धी रिकामी? एक रद्द करा, सगळ्यांना दुसऱ्यात बसवा. 50 टक्क्यांचे थेट 100! पहाटे तीनला घरातून निघालेला माणूस बसतो ताटकळत. देशांतर्गत प्रवाशांपैकी 60 टक्क्यांहून जास्त एकाच कंपनीकडे, मग जाणार कुठे? त्याच अहवालात रद्द फ्लाइट, उशीर आणि तक्रारींचे तक्तेही असतात. मी आता आधी तेच वाचतो. तुम्हीही वाचा, आणि जाब विचारा.