मुलांचं मराठी गॅरेजमध्येही वाढतं

मंडळी, जरा वेगळं मत मांडतोय. पटलं नाही तर खाली भांडा.

इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांचं मराठी बहुतेक घरांत दोन ठिकाणी अडकलंय: जेवणाच्या टेबलावर आणि रागावण्यात. 'जेवून घे', 'आवर लवकर', 'फोन ठेव'. रविवारच्या शाळेत बाराखडी होते, गणपतीत एखादं नाटुकलं होतं. ते हवंच. पण भाषा मुरते ती सोबत काम करताना. बारा-चौदा वर्षांचं मूल आपणहून शेजारी येऊन उभं राहील असं काम कोणतं? माझं उत्तर: गॅरेजमध्ये साचा बनवून प्लास्टिकच्या वस्तू काढणं.

इंजेक्शन मोल्डिंग म्हटलं की भोसरी-चाकणच्या शेड आठवतात. पण तत्त्व आपल्या सोऱ्याचंच आहे. नळी, दट्ट्या आणि पुढे भोक. फक्त पिठाऐवजी वितळलेलं प्लास्टिक, आणि ते बाहेर न पडता बंद साच्यात शिरतं. हाताने दांडा ओढून चालवायचं छोटं यंत्र घरी बनवता येतं. व्हिन्सेंट गिंजरी यांचं त्यावर अख्खं पुस्तक आहे. डेव्ह हक्केन्स यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'प्रेशस प्लास्टिक'ची यंत्रांची रेखाचित्रं फुकट मिळतात.

'थ्रीडी प्रिंटर आहे की घरात!' असेल, चांगलाच आहे. पण तिथे चुकलं की पुन्हा बटण दाबायचं. ॲल्युमिनियमचा साचा कोरताना आधी डोकं चालवावं लागतं. पॉलिप्रॉपिलीन थंड होताना साधारण दीड-दोन टक्के आकसतं, म्हणजे ५० मिलिमीटरच्या झाकणासाठी साचा जवळजवळ १ मिलिमीटर मोठा हवा. भिंतींना एखाद्या अंशाचा उतार नसेल तर वस्तू साच्यातच अडकून बसते. हवा निघायला केसाहून बारीक फट ठेवली नाही तर कोपरा अर्धवट राहतो. टक्केवारी आणि कोन कशासाठी शिकायचे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि या सगळ्यात मराठी आपोआप येतं. कानस, पकड, दट्ट्या, उतार, 'जरा सैल कर', 'अजून गरम आहे, थांब'. हे शब्द कुठल्या वर्कशीटमध्ये येतात सांगा.

धोका आहे, तो लपवत नाही. प्लास्टिक २०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं असतं आणि दाबाखाली उडू शकतं. डोळ्यांना चष्मा, हातात चामड्याचे मोजे, गॅरेजचं दार उघडं, आणि मूल एकटं कधीच नाही. ५ आकडा असलेलं पॉलिप्रॉपिलीनच वापरा. ३ आकड्याचं पीव्हीसी अजिबात तापवू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो.

लंडनच्या किंवा दुबईच्या फ्लॅटमध्ये हे जमणार नाही, मान्य. जवळ सार्वजनिक वर्कशॉप असेल तर तिथे विचारा.

पण खरी अडचण जागेची नाही, पैशाचीही नाही. 'हात काळे करायचे नसतील तर अभ्यास कर' हे ऐकत आपण मोठे झालो. आपल्यातले कितीतरी जण इंजिनिअर, पण कानस शेवटची हातात धरली ती पहिल्या वर्षीच्या फिटिंगच्या जॉबला. (तोही काहींनी वर्कशॉपच्या मामांकडून करून घेतला, नावं घेत नाही!) हाताचं काम कमी दर्जाचं, हा समज आपण सामानात बांधून इथवर आणलाय. मुलांना तो वारसा नको द्यायला.

सुरुवात कॅरमच्या हरवलेल्या सोंगटीपासून करा. साधी गोल चकती. जाड भाग थंड होताना मधोमध खचतो. तो का खचला, यावर मुलांशी मराठीत वाद घाला. तासभर सहज जाईल.

तुमच्याकडे कोणी असं काही करतंय का? फोटो टाका, साच्याचाही टाका.