फक्त लिहायचंच राहिलंय!

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी पीएचडीवाला असतोच. किंवा पीएचडीवाली. ट्रेकला येत नाही, लग्नाला आली तरी जेवून लगेच पळते आणि ‘‘कुठवर आलं गं?’’ विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘‘झालंच आहे, फक्त लिहायचंच राहिलंय!’’ मागच्या दिवाळीला हेच. त्याच्या मागच्या दिवाळीलाही हेच.

आपण पडलो ऑफिसवाले. दर सोमवारी रिव्ह्यू मीटिंग, दर वर्षी अप्रेझल. त्यामुळे वाटतं, काय ऐश आहे राव हिची! पंचिंग नाही, टार्गेट नाही आणि डेडलाइन थेट सहा वर्षांनी. पण सगळी गोची तिथेच आहे. सहा वर्षांनंतरच्या तारखेचं टेन्शन आज सकाळी कुणाला येणार?

जरा हिशेब बघा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. पुन्हा रजिस्ट्रेशन केलं तर आणखी दोन मिळू शकतात. पण जेआरएफवाल्यांची फेलोशिप किती वर्षांची? पाच! पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढची तीन ४२ हजार (हे जानेवारी २०२३ पासूनचे दर) आणि मग ठणठण गोपाळ. म्हणजे ‘फक्त लिहायचंच राहिलंय’ हे ज्या सुमारास म्हणायची वेळ येते, त्याच सुमारास खात्यात पैसे यायचे थांबतात. रूमचं भाडं मात्र थांबत नाही. मग कुठल्या तरी कॉलेजात सीएचबीवर लेक्चर्स घ्यायची, आणि लिखाण गेलं आणखी पुढे. ज्यांना जेआरएफच नाही, त्यांची तर बातच सोडा.

खरी गडबड त्या ‘फक्त’मध्ये आहे. आधी सगळं वाचून संपवू, फील्डवर्क करू, डेटा गोळा करू आणि शेवटी मस्त तीन महिने काढून लिहून टाकू, असा प्लॅन असतो. जणू थिसिस डोक्यात तयार आहे आणि फक्त प्रिंट मारायची आहे! प्रत्यक्षात काय होतं, तर पहिलं वाक्य लिहिलं की कळतं, आपल्याला नक्की काय म्हणायचंय तेच ठरलेलं नाही. मग पुन्हा वाचन. पीडीएफ डाउनलोड करण्यासारखं सेफ काम नाही. काम केल्यासारखं वाटतं आणि चुकायची भीती शून्य.

रॉबर्ट बॉइस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये एक भारी प्रयोग छापला. लिखाणात अडकलेले प्राध्यापक घेतले आणि त्यांचे गट पाडले. एका गटाला सांगितलं, अगदी अर्जंट असेल तेवढंच लिहा. दुसऱ्याला सांगितलं, मूड आला की लिहा. तिसऱ्या गटाला मात्र ठरलेल्या वेळी बसून लिहिण्याची सक्ती, आणि नाही लिहिलं तर नावडत्या संस्थेला चेक जाणार! (आपल्याकडे हा प्रकार केला तर अर्धे प्राध्यापक पहिल्याच आठवड्यात अर्ज घेऊन येतील.) रिझल्ट काय, तर सक्तीवाल्यांनी दिवसाला सरासरी सव्वातीन पानांच्या आसपास लिहिलं आणि मूडवाल्यांचं एक पानही झालं नाही. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे नव्या कल्पनाही सक्तीवाल्यांनाच जास्त सुचल्या. त्यांना साधारण रोज एक, मूडवाल्यांना दोन दिवसांत एक. म्हणजे सुचलं की लिहू म्हणून जो बसून राहतो, त्याला सुचतही कमीच!

यातून रिसर्चवाल्यांनी घ्यायचा फंडा सिंपल आहे. आठवड्यात ठरलेले दिवस आणि ठरलेली वेळ. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आठ ते साडेनऊ, एवढं जरी पक्कं केलं तरी खूप झालं. लेक्चर ठरलेलं असतं तेव्हा ‘आज मूड नाही’ म्हणून कुणी वर्गावर जायचं टाळतं का? तसंच हेही. पॉल सिल्व्हिया या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने याच मुद्द्यावर २००७ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, लिहायला वेळ ‘सापडत’ नसतो, तो कॅलेंडरवर टाकायचा असतो. आणि त्या वेळेत ग्राफ काढणं, संदर्भ तपासणं, आदल्या दिवशीचं दुरुस्त करणं, हेही लिखाणातच धरायचं. त्यामुळे ‘आज पान सरकलं नाही’ म्हणून रडायचं कारण उरत नाही.

ज्यांना दीड तास सलग बसणं म्हणजे शिक्षा वाटते, त्यांच्यासाठी पोमोडोरो आहेच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना. त्याने किचनमधला टोमॅटोच्या आकाराचा टायमर उचलला आणि त्याच्यावर अभ्यास लावला. इटालियनमध्ये टोमॅटो म्हणजे पोमोडोरो, म्हणून ते नाव. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं ब्रेक. फोनवर टायमर लावायला हरकत नाही, फक्त तो फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ब्रेकमध्ये रील बघायला घेतली तर पाच मिनिटांची पन्नास कधी होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. ‘रोज लिहा नाहीतर बुडालात’ असा धाक घालणाऱ्यांचं सगळंच ऐकू नका. हेलन स्वर्ड या न्यूझीलंडच्या प्राध्यापिकेने यशस्वी संशोधक आणि संपादक अशा शंभर जणांच्या मुलाखती घेतल्या. २०१७ मध्ये तिचं पुस्तक आलं, तेव्हा कळलं की नेमाने रोज लिहिणारे त्यांच्यातही थोडेच. कुणी सुट्टीत लिहितं, कुणी रात्री. मला स्वतःला हे पटतं. पण एक लक्षात घ्या, हे सगळे मुरलेले लोक. आपली लय त्यांना वर्षानुवर्षांच्या सवयीने सापडलेली आहे. पहिला चॅप्टर लिहिणाऱ्याने आधी टाइमटेबल लावावं, स्टाइल नंतर मारावी.

एकट्याने टाइमटेबल पाळणं मात्र महाकठीण. नियमाप्रमाणे दर सेमिस्टरला कमिटीपुढे प्रेझेंटेशन द्यावं लागतं, म्हणजे वर्षातून दोनदा. मधले महिने मोकळे. काही गाइड दर आठवड्याला दोन पानं मागतात, त्यांचे विद्यार्थी नशीबवान. बाकीच्यांनी काय करायचं? ग्रुप! २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘शट अप अँड राइट’ नावाची टूम निघाली. लेखक मंडळी कॅफेत जमायची, दोन शब्द बोलायची आणि मग गपचूप लिहायची. पुढे ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ती उचलली आणि तिथून ती जगभर गेली. कुणी कुणाचं वाचत नाही, चुका काढत नाही. शेजारचा टाइप करतोय म्हटल्यावर आपल्यालाही लाज वाटते, एवढंच भांडवल. सिल्व्हियानेही सहकाऱ्यांचा गट केला होता, नाव ‘अग्राफिया’. म्हणजे लिहिण्याची क्षमता जाण्याचा आजार! पुढच्या भेटीपर्यंत काय लिहिणार ते प्रत्येकाने सांगायचं, त्याची नोंद व्हायची आणि पुढच्या वेळी ती वाचून दाखवायची. पळवाट नाही. आपल्याकडे लायब्ररीच्या रीडिंग हॉलमध्ये चार जण जमले तरी हे होतं, कॅफेचं बिल वाचतं ते वेगळं.

मराठी मीडियममधून आलेल्यांसाठी एक खास गोष्ट. इंग्रजीत थिसिस लिहायचाय म्हणून पहिलं वाक्यच परफेक्ट इंग्रजीत जुळवत बसू नका. पहिला खर्डा मराठीत, मिंग्लिशमध्ये, जसा येईल तसा होऊ द्या. मुद्दा आधी, व्याकरण मागाहून. नाहीतर शेवटच्या महिन्यात घाईघाईने दुसऱ्यांची वाक्यं उचलली जातात, आणि तिथे यूजीसीचे २०१८ चे नियम उभेच आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. चाळीसच्या वर गेलं तर वर्षभर थिसिस देता येत नाही, साठच्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द!

मुलींचं गणित आणखी वेगळं. नियमात बायकांना दोन वर्षं जास्तीची मिळतात, बाळंतपण आणि मुलांसाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळते. चांगलंच आहे. पण ‘घरीच तर असतेस’ म्हणून गॅस सिलिंडर, पाहुणे, सासऱ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट हे सगळं जिच्या वाट्याला येतं, तिला वाढवून दिलेल्या वर्षांचा उपयोग किती? दोन वर्षं जास्त देण्यापेक्षा दिवसाचे दोन तास दार बंद करून द्या म्हणावं. हा वेळ यूजीसी देऊ शकत नाही. नवरा देऊ शकतो, सासूबाई देऊ शकतात.

आणि हो, हे तुमच्याही कामाचं आहे. २०२२ च्या नियमांत नोकरी सांभाळून पार्टटाइम पीएचडी करता येते, ऑफिसकडून ना-हरकत पत्र आणलं की झालं. ‘नोकरीत कुठला वेळ’ म्हणणाऱ्यांनी अँथनी ट्रोलप आठवावा. एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश कादंबरीकार, पोस्टखात्यात कामाला. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. साहेबांनी अशा ४७ कादंबऱ्या लिहिल्या! पण त्यांना पहाटे उठवायला एक म्हातारा नोकर होता, त्याला त्यासाठी वर्षाला पाच पौंड जादा मिळायचे. आपल्याला अलार्म तीनदा स्नूझ करावा लागतो.

तेव्हा ती पीएचडीवाली पुढच्या वेळी भेटली की ‘‘कधी संपणार?’’ विचारू नका, तिला ते घरचे रोज विचारतात. ‘‘या आठवड्यात कुठला भाग लिहितेयस?’’ असं विचारा. उत्तर आलं तर पुढच्या रविवारी तेवढंच पुन्हा विचारा. नाहीच आलं, तर शनिवारी सकाळी लॅपटॉप घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसा. तुमचंही अप्रेझलचं सेल्फ असेसमेंट भरायचं राहिलंय ना?