अपडेट त्यांचे, भुर्दंड सेविकांना

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी वाड्यांवर बाळांची वजन-उंची मोजण्याचे काम अंगणवाडी सेविका करतात. पूर्वी रजिस्टरमध्ये होणारी ही नोंद आता मोबाइलवरील ‘पोषण ट्रॅकर’मध्ये भरावी लागते. बाळ तीव्र कुपोषित आहे का, हे याच आकड्यांवरून ठरते. त्यामुळे फोन अडकला, तर प्रश्न केवळ तंत्रज्ञानाचा राहत नाही. तो आरोग्याचा होतो.

राज्य सरकारने सेविकांना २०१९ मध्ये दिलेल्या फोनची रॅम होती २ जीबी. २०२१ मध्ये जुने अ‍ॅप जाऊन केंद्राचे पोषण ट्रॅकर आले. फोन मात्र तेच राहिले. ते तापू लागले, हँग होऊ लागले. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे फोन सरकारला परत केले. पुढे नवे फोन मिळाले, पण मूळ प्रश्न सुटलेला नाही. घरी न्यायच्या आहारासाठी जुलै २०२५ पासून चेहरा पडताळणी सक्तीची झाली, म्हणजे फोनवरचा भार आणखी वाढला.

फोन कंपनी अ‍ॅपकडे बोट दाखवते, अ‍ॅप चालवणारे फोनकडे आणि कार्यालय रेंजकडे. इटलीतील स्पर्धा नियामकाने २०१८ मध्ये हा घोळ एका निकषाने सोडवला. अपडेटमुळे जुने फोन मंदावले म्हणून त्याने अ‍ॅपलला १ कोटी, तर सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. अपडेट पाठवणाऱ्यानेच परिणामांची जबाबदारी घ्यायची, हा त्याचा अर्थ.

अपडेट थांबवा, असे कोणी म्हणणार नाही; सुरक्षेसाठी ते लागतातच. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी आहे. पण इथे फोन सरकारने घेतलेला, अ‍ॅपही सरकारचेच. वाडीवरच्या सेविकेने ग्राहक मंचाची पायरी चढावी, ही अपेक्षाच चुकीची. म्हणून नियम सरकारनेच स्वतःला घालून घ्यावा. वाटलेल्या फोनपैकी सर्वांत जुन्या फोनवर चाचणी झाल्याशिवाय अपडेट सोडू नये. बिघाड झाल्यास रजिस्टरमधील नोंद ग्राह्य धरावी. दुरुस्तीचा खर्च विभागाने करावा आणि अ‍ॅपमध्ये नोंद नाही म्हणून मानधन कापू नये, आहारही अडवू नये.

फोन दुरुस्तीला थांबू शकतो. बाळाची भूक थांबत नाही.