प्रार्थनेला सवड

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातील लहानथोर मंडळी अंधारातच उठतात आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. म्हणजे पहाट आपल्यापाशी असते. नसते ती उठण्याची ओढ.

हे ऐकून बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातील एखादे कुटुंब हसेल. मुंबईला नोकरीस जायचे म्हणजे लोकलमध्ये तासाहून अधिक वेळ, येताना पुन्हा तितकाच. घरची गृहिणी तर डब्यासाठी त्याही आधी उठलेली. ख्रिस्ती कुटुंबालाही हाच प्रश्न पडतो. खोलीत जा, दार लाव आणि मग प्रार्थना कर, असे येशूने सांगितले खरे. पण दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दार लावायचे कोठे?

येशूलाही रिकामा वेळ मिळत नव्हता. मार्काच्या शुभवर्तमानात म्हटले आहे की, कफर्णहूमात रात्रीपर्यंत रोग्यांची रीघ लागली होती. तरी दुसऱ्या दिवशी तो अंधार असतानाच उठला आणि एकांतात प्रार्थनेला गेला. तेथेही शिष्य शोधीत आलेच! त्याने वेळ काढला तो झोपेतून.

एकांत मात्र गर्दीतही साधतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ साली राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. वाचण्याचा शब्द दिला होता, म्हणून त्यांनी तो वाचावयास घेतला. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच पुस्तक खाली ठेववेना. पण एका वाचनाने शोध संपला नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यापायी लक्ष्मीबाईंचा दीर्घ वियोगही सोसावा लागला. देवाला शोधणे फुकट पडत नाही, ते असे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून रोखठोक आहे. केडगावच्या मुक्ति सदनात दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुलींचा संसार त्यांच्या शिरावर होता. तरीही जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोज प्रार्थनेला कोण येईल, असे विचारले. सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. मुक्तीमधील प्रसिद्ध जागृती झाली ती जूनअखेर. मधले पाच महिने रोज बसायचे, एवढेच त्यांच्या हाती होते. बायबल मराठीत आणण्यासाठी रमाबाई उतारवयाकडे झुकत असता हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. स्वयंपाक, शिवण, शेती, छापखाना यांपैकी कशालाही त्यांनी सुट्टी दिली नाही.

पुष्कळांची प्रार्थना अडते ती ह्या मधल्या दिवसांत. चार दिवस बसावे, मनात वाणसामानाची यादी घोळावी, देव बोलला असे काही वाटू नये, मग पाचव्या दिवशी कंटाळून सोडावे. पण प्रार्थना म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे. आजारी आईच्या उशाशी आपण बसतो, ती बोलली नाही म्हणून उठून जात नाही. तसेच हे बसणे आहे. मन भरकटले तर त्याला हळूच परत आणावे; ते आणणे हीदेखील प्रार्थनाच.

तेव्हा दहाच मिनिटे ठरवावीत, पण वेळ रोज एकच असावी. कोणाला ती लोकलमध्ये डोळे मिटून मिळतील. घरच्या बाईला मात्र ती आपोआप मिळत नाहीत. कोणी तरी द्यावी लागतात. तेवढा वेळ नवऱ्याने चहाचे आधण ठेवावे, मुलांनी हाका मारू नयेत. तिच्यासाठी लावलेले दार सगळ्या घराने सांभाळले, तर त्या घराची प्रार्थना तेथूनच सुरू झाली म्हणावयाची.