तीसपैकी तीस आणि गुणांची घसरलेली किंमत

बारावीच्या लेखी परीक्षेपूर्वी, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांतील प्रयोगशाळा एकाएकी गजबजू लागतात. वर्षभर कपाटात पडून राहिलेले सूक्ष्मदर्शक पुसले जातात, जर्नले घाईघाईने पुरी करून त्यांवर सह्या घेतल्या जातात, बहिस्थ परीक्षकांच्या चहापाण्याची व्यवस्था होते. जीवशास्त्राच्या शंभर गुणांपैकी सत्तर लेखी परीक्षेचे व तीस प्रात्यक्षिकाचे. या तिसांपैकी अठ्ठावीस-एकोणतीस गुण बहुतेकांच्या पदरी पडणार, हे विद्यार्थ्यांना, पालकांना आणि परीक्षकांनाही आधीच ठाऊक असते. मी अर्थशास्त्राचा अध्यापक. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेशी माझा संबंध शेजाऱ्याचा. परंतु जे नाणे सर्वांना सारखेच आणि फुकट वाटले जाते त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र माझ्या विषयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी जीवशास्त्र शिकविणाऱ्या एका सहकाऱ्याने मला दोन जर्नले दाखविली होती. प्रयोग नेहमीचाच: कांद्याच्या मुळाचे टोक घ्यावयाचे, ते रंगवून काचपट्टीवर दाबावयाचे आणि पेशींच्या सूत्री विभाजनाच्या अवस्था पाहून त्यांची आकृती काढावयाची. पहिल्या जर्नलात चारही अवस्था पुस्तकात असतात तशाच रेखीव होत्या. त्या पुस्तकातूनच उतरविलेल्या होत्या. दुसऱ्या जर्नलातील आकृती ओबडधोबड होती. पेशी एकमेकींवर चढलेल्या, रंग पसरलेला, विभाजनाची एकच अवस्था स्पष्ट. खाली त्या मुलीने लिहिले होते, ‘इतर अवस्था माझ्या काचपट्टीत दिसल्या नाहीत.’ सहकारी म्हणाला, ‘विज्ञान शिकलेली मुलगी ही. पहिलीला सूक्ष्मदर्शक नीट लावताही येत नाही.’

प्रात्यक्षिक परीक्षेत त्याने पहिलीला अठरा गुण द्यावयाचे ठरविले होते. मग वरून सूचना आली, बहिस्थ परीक्षकांनीही समजुतीचा सल्ला दिला, आणि पहिलीच्या नावापुढे अठ्ठावीस लागले. दुसरीला एकोणतीस मिळाले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे आणि दुसऱ्याचे उतरवून काढणे यांतील अंतर आमच्या व्यवस्थेने असे एका गुणावर आणून ठेवले.

या प्रकारात कोणी एक खलपुरुष आहे असे नाही. विद्यार्थिसंख्या घटली की तुकडी जाते आणि तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो; तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याचे तर बोलावयासच नको. बहिस्थ परीक्षकाला ठाऊक असते की आज तो ज्यांच्या मुलांना तपासीत आहे, तेच उद्या त्याच्या मुलांना तपासावयास येणार आहेत. एका महाविद्यालयाने खरे गुण द्यावयाचे ठरविले तर केवळ त्याचीच मुले मागे पडतील, शेजारच्या महाविद्यालयाची नव्हेत. प्रत्येकाचे वागणे त्याच्यापुरते शहाणपणाचे. पण सर्वांचे मिळून जे घडते ते मात्र सर्वांच्याच नुकसानीचे. खोटे नाणे खऱ्या नाण्याला बाजारातून हुसकावून लावते, हा ग्रेशॅमच्या नावाने ओळखला जाणारा नियम आम्ही वर्गात शिकवितो. त्याचे प्रात्यक्षिक शेजारच्या प्रयोगशाळेत दरवर्षी पाहावयास मिळते.

या चलनवाढीचा परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. ज्याची किंमत उरली नाही ते नाणे कोणी स्वीकारीनासे झाले. एके काळी वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असत. आज ‘नीट’मध्ये ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात, बारावीचे गुण मात्र किमान पात्रतेपुरतेच उरले आहेत. २०२१ साली महासाथीमुळे परीक्षा घेता आली नाही, तेव्हा दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून मंडळाने निकाल लावला. तो ९९.६३ टक्के लागला. त्या आपत्तीत दुसरा मार्ग नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. तथापि शाळेच्या शब्दावर सारा भार टाकला असता तो शब्द कोणाला कोणापासून वेगळे करू शकतो, हेही त्या निकालात दिसले. २०२५ साली परीक्षा नेहमीप्रमाणे झाली, तरी विज्ञान शाखेचा निकाल ९७.३५ टक्के लागला.

शाळेने आपला शब्द गमावला, तेव्हा त्याची जागा शिकवणी वर्गांनी घेतली. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, शिक्षण दुसरीकडे, हा प्रकार इतका बोकाळला की २०१८ साली शासनाला विज्ञान शाखेसाठी यंत्राद्वारे हजेरी घेण्याचा आदेश काढावा लागला. पण जेथे जाऊन काही मिळत नाही आणि न जाऊनही काही बिघडत नाही, तेथे यंत्राच्या हजेरीने मुले कशी परतावीत? शिवाय नवे चलनही या रोगापासून मुक्त नाही. २०२४ च्या ‘नीट’मध्ये प्रथम ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण जाहीर झाले, वाढीव गुणांचा आणि एका प्रश्नाच्या उत्तराचा वाद न्यायालयात गेल्यावर सुधारित निकालात ही संख्या १७ झाली. आणि त्या बहुपर्यायी परीक्षेत काचपट्टी कोणाला करता येते, हे तर विचारलेच जात नाही.

या साऱ्यात हानी कोणाची होते? ज्याच्या बापापाशी शिकवणी वर्गाचे लाखभर रुपये आहेत त्याची नव्हे. तालुक्याच्या गावी राहून, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मनापासून काम करणाऱ्या मुलीपाशी शिक्षकाचा शब्द हेच एकमेव भांडवल होते. तो शब्द आम्ही सर्वांना सरसकट वाटून टाकला. ‘गरिबाच्या मुलांना गुण दिले तर बिघडले कुठे?’ असे आमचे अनेक सहकारी कळवळ्याने विचारतात. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण ज्या गुणाने बाजारात काही विकत घेता येत नाही, तो देणे म्हणजे दान नव्हे. न वटणारा धनादेश लिहून देणे होय.

मग शिक्षकाने कठोर व्हावे काय? प्रश्न कठोरपणाचा नाही, स्पष्टपणाचा आहे. जूनमध्येच, प्रयोगशाळेच्या फळ्यावर, प्रत्येक प्रयोगात विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित आहे ते लिहिले जावे: काचपट्टी स्वतः करता येणे, दिसले तेवढेच काढणे, दिसले नाही ते नमूद करणे, दोन वाक्यांत कारण सांगणे. गुण एका दिवशी न देता वर्षभर द्यावेत. डिसेंबरमध्ये ज्याला अठरा मिळाले त्याला तोच प्रयोग पुन्हा करून फेब्रुवारीत पंचवीस मिळविता यावेत. खरी दया ती हीच. कारण ती विद्यार्थ्याला अंक नव्हे, संधी देते.

मंडळानेही आपला वाटा उचलावा. बहिस्थ परीक्षक शेजारच्या महाविद्यालयाचे नसावेत. एखाद्या महाविद्यालयातील मुलांना लेखी परीक्षेत सत्तरपैकी पंचवीस आणि प्रात्यक्षिकात तीसपैकी तीस असे गुण सरसकट मिळत असतील, तर तेथील काही जर्नले मागवून पाहणे अवघड नाही. दोन्ही आकडे मंडळाच्याच दप्तरी असतात. आणि संस्थाचालकांनी निकालाच्या टक्केवारीवर शिक्षकाची नोकरी टांगणे सोडले नाही, तर वरील कोणताही उपाय कागदावरच राहील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टीऐवजी क्षमता तपासण्याचा आग्रह धरला आहे. पण खरे अठरा गुण देणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी कोण उभे राहणार, याचे उत्तर कोणत्याही धोरणाला नव्हे, आपल्यालाच द्यावयाचे आहे.

त्या ओबडधोबड आकृतीखालचे एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ‘इतर अवस्था दिसल्या नाहीत’ असे सतरा वर्षांची मुलगी लिहू शकते. तिच्या गुणपत्रिकेवर सही करणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांना मात्र जे दिसले नाही ते ‘दिसले’ म्हणून लिहावयाची सवय जडली आहे. ती सुटेपर्यंत विज्ञान शिकविल्याचा दावा आपण न केलेलाच बरा.