नाळेतल्या रक्तवाहिन्या मोजा

अमरावतीचे डफरीन असो, अकोल्याचे लेडी हार्डिंग असो की धारणीचे उपजिल्हा रुग्णालय, जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या कार्डावर वजनाशेजारी आणखी एक आकडा असायला हवा: नाळेत रक्तवाहिन्या किती?

उत्तर बहुतेक वेळा तीन येईल. त्या तीन कशा होतात, हे विलक्षण आहे. गर्भधारणेच्या तिसऱ्या आठवड्यात, पाळी चुकून आठवडा होतो न होतो तोच, गर्भाला भावी वारेशी जोडणाऱ्या देठात पेशींचे पुंजके जमतात, आतून पोकळ होतात आणि एकमेकांना जुळून त्यांच्या नळ्या बनतात. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय धडधडू लागते. सुरुवातीला धमन्या दोन आणि शिराही दोनच. पुढे उजवी शीर विरून जाते आणि वारेकडून प्राणवायू व अन्न आणण्याचे सगळे काम डावी एकटी करते. शाळेत शिकवतात त्याच्या उलट, इथे शुद्ध रक्त शिरेतून येते आणि अशुद्ध रक्त धमन्यांतून परत जाते.

दर शंभर-दोनशे गरोदरपणांत एखाद्या वेळी दोनपैकी एक धमनी तयारच होत नाही किंवा खुरटून जाते. अशी बहुतेक बाळे ठणठणीत असतात. काहींच्या मूत्रपिंडात किंवा हृदयात मात्र दोष सापडतो.

अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत हे दिसू शकते. पण मेळघाटातल्या कोरकू बाईला त्यासाठी मजुरी बुडवून घाट उतरावा लागतो. घरचे कामासाठी परगावी गेलेले असले तर ती तपासणी राहूनच जाते. १९९३ पासून मेळघाटातल्या बालमृत्यूंवर राज्यभर बोलले जाते, तेही मुख्यतः कुपोषणाच्या अंगाने. मूत्रपिंडातला दोष वजनकाट्यावर दिसत नाही.

नाळेचे कापलेले टोक मात्र प्रत्येक बाळंतपणात समोरच असते. शीर रुंद आणि पातळ भिंतीची, धमन्या बारीक आणि जाड भिंतीच्या. फक्त वारेला अगदी लागून मोजू नये, तिथे दोन्ही धमन्या कधी एकत्र मिळालेल्या असतात. परिचारिकेवर कामाचा भार आहेच, पण याला यंत्र लागत नाही आणि मिनिटही लागत नाही.

धमनी एकच दिसली, तर घाबरण्याचे बहुधा कारण नाही, हे आईला तिच्या भाषेत सांगावे. बाळाला पूर्ण तपासावे, हृदयाचे ठोके नीट ऐकावेत. मूत्रपिंडाच्या सोनोग्राफीची गरज डॉक्टरांना वाटली, तर सुट्टी देण्यापूर्वीच तारीख ठरवावी आणि जाण्या-येण्याच्या गाडीची सोय सरकारने करावी.